तक्रार नाही, मग पॅप स्मिअर कशाला?

प्रश्न : वय ४२. पाळी नियमित आहे, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली आहे. तरी डॉक्टरांनी पॅप स्मिअर करायला सांगितलं. गरज आहे का? दुखतं का?

उत्तर : गरज आहे, ताई. पॅप स्मिअर म्हणजे गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी घेऊन त्यांत काही बिघाड आहे का, हे पाहण्याची तपासणी. त्या शस्त्रक्रियेत फक्त गर्भनलिका बंद करतात. गर्भाशयाचं तोंड तसंच राहतं. एचपीव्ही विषाणूमुळे तिथल्या पेशी बिघडून कर्करोग व्हायला बहुधा १०-१५ वर्षं लागतात आणि त्या काळात काहीच दुखत नाही. म्हणून तर तक्रार नसताना जायचं.

पाळी संपल्यावर चार-पाच दिवसांनी जा. आधीचे दोन दिवस संबंध, योनीत ठेवायच्या गोळ्या आणि आतून धुणं टाळा, नाहीतर नमुन्यात पेशी नीट मिळत नाहीत. गुडघे दुमडून झोपवतात, स्पेक्युलम (योनी उघडी धरणारं साधन) घालून गर्भाशयाचं तोंड दिसेल असं करतात आणि छोटा ब्रश फिरवतात. काम दोन-तीन मिनिटांचं. थोडं ओढल्यासारखं वाटतं. अंग आवळलं की जास्त टोचतं, तेव्हा सावकाश श्वास सोडत कंबर टेबलाला टेकवून ठेवा. नंतर एखादा डाग लागला तर घाबरू नका.

रिपोर्टमध्ये नमुना अपुरा म्हटलं असेल तर तो ‘नॉर्मल’ नव्हे, तपासणी पुन्हा करा. नॉर्मल आल्यास पुढची तीन वर्षांनी.

संबंधांनंतर किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसलं, तर मात्र जुना रिपोर्ट कितीही चांगला असो, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.