हिवाळ्यात हरणांपासून कोवळी झाडं कशी वाचवावीत?

सर्वात भरवशाचा उपाय म्हणजे प्रत्येक झाडाभोवती तारेच्या जाळीचं गोल कुंपण. उंची किमान 5 फूट ठेवा. बर्फ साचत असेल तर आणखी जास्त, कारण त्या थरावर उभं राहून हरीण वरच्या फांद्या गाठतं. जाळी झाडापासून हातभर लांब हवी, नाहीतर हरणं बाहेरूनच शेंडे खातात. खुंट्या घट्ट ठोका.

थंडीची वाट मात्र पाहू नका. नर शरद ऋतूतच खोडावर शिंगं घासू लागतात, आणि खरा धोका तोच: खाल्लेला शेंडा बहुधा पुन्हा फुटतो, पण साल चहूबाजूंनी सोलली गेली की झाड जातं. जाळी पुरत नसेल तर निदान खोडांना प्लास्टिकची संरक्षक नळी घालाच. उग्र वासाचे फवारे पावसात धुतले जातात, आणि भुकेलेलं हरीण त्यांना फारसं जुमानत नाही.