खडप

प्रश्न असा आहे: ओहोटीला पाणी मागे गेल्यावर जो खडकाळ किनारा उघडा पडतो, त्याला मराठीत स्वतंत्र शब्द आहे का?

आहे. खडप. कोकणात वाळूची ती पुळण आणि खडकांचं ते खडप. ‘खडकाळ किनारा’ हे नुसतं वर्णन झालं. खडप हे त्या जागेचं नाव आहे. ‘आई खडपात गेलीय’ म्हटलं की ती कालवं काढायला गेली, हे वेगळं सांगावं लागत नाही.

प्रश्नातल्या ‘ओहोटी’बद्दलही थोडं बोलायला हवं. लिहिताना आपण वैभवाला, उत्साहाला, लोकप्रियतेला ओहोटी लावतो; शब्द कायमचा उतरणीला लागला आहे. किनाऱ्यावर मात्र ओहोटी म्हणजे कामाला निघायची वेळ. गोव्याकडे कोकणीत तिला ‘सुकती’ म्हणतात. पाणी गेलं यापेक्षा जमीन सुकी झाली, याकडे बघणारा हा शब्द मला फार आवडतो.

ही वेळ काढायचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर हाच हिशेब उपयोगी पडतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. तेव्हा पाणी जेवढं चढतं तेवढंच खोल उतरतं, आणि एरवी न दिसणारं खडप तेव्हाच दिसतं. अष्टमीच्या सुमाराला भांग. तेव्हा चढ-उतार कमी. आनंदाला उधाण आणताना आपण त्याचा जोडीदार ‘भांग’ पार विसरलो, याची हळहळ वाटते.

पौर्णिमेनंतरच्या एखाद्या सकाळी खडपात नुसतं उकिडवं बसून बघा. लाटांचा आवाज लांब गेलेला असतो. काळ्या दगडावर कालवांच्या रिकाम्या शिंपल्या चिकटलेल्या असतात. वरचं झाकण गेलेलं, खालची पांढरी वाटी तशीच. तिच्यात चमचाभर पाणी साठलेलं असतं. शेजारच्या डबक्यात एक शंख हलतो, थांबतो, मग त्यातून खेकड्याचे पाय बाहेर येतात. आपली सावली पडली की पुन्हा आत.