चेस्ट व्हॉइस, हेड व्हॉइस खरंच असतात की नुसता भास?

तुमचा पेच असा दिसतो: वाशीच्या क्लासमधल्या बाई म्हणतात आवाज एकच, आणि व्हिडिओवाले चेस्ट (खालचा, छातीतला), हेड (वरचा, डोक्यातला) आणि मिक्स (दोन्हींचं मिश्रण) असे तीन मोजतात. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे.

आवाज छातीत किंवा डोक्यात ‘लागतो’ हा भास. तो तयार होतो स्वरयंत्रातच, छातीवर हाताला लागतो तो फक्त कंप. ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या देवगिरीच्या शार्ङ्गदेवानं तेराव्या शतकात मंद्र हृदयात, मध्य कंठात, तार मस्तकात असं सांगितलं, तेही याच जाणिवेचं वर्णन. शिवाय ती सप्तकं झाली, रजिस्टर (तंतू कंप पावण्याची एकेक पद्धत) नव्हेत.

स्वरतंतूंची कंप पावण्याची पद्धत मात्र खरोखर बदलते. खाली गाताना तंतू आखूड, जाड असतात, पूर्ण जाडीनं हलतात आणि प्रत्येक आवर्तनात जास्त वेळ मिटलेले राहतात; हाच चेस्ट व्हॉइस. वर जाताना ते ताणले जातात, आतला स्नायू सैल पडतो आणि नुसत्या कडा हलतात; हा हेड व्हॉइस. शरीराबाहेर काढलेल्या स्वरयंत्रात हवा फुंकून ताण हळूहळू वाढवला, तरी सूर मध्येच उडी मारतो. तिथे ना कान, ना मन. मग भास कुणाला होणार?

ही उडी साधारण ३०० ते ३५० हर्ट्‌झच्या आसपास येते. तुमची पट्टी काळी चार (पेटीची ती पट्टी तुमचा सा), म्हणजे ही जागा मध्य सप्तकात पंचम ते धैवत. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाला तीच जागा तार गंधाराजवळ भेटते.

मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा. ‘ऊ’वर सा पासून तार सा पर्यंत आठ-दहा सेकंदांची एकच मींड (न तुटता घसरत जाणारा सूर) घ्या, आवाजाचा जोर मुद्दाम सारखा ठेवा. मग तशाच उतरा. चढताना धैवताला तुटणारा आवाज उतरताना बहुधा त्याच्याही खाली जुळेल. चुकलात असं नाही. चढतानाची आणि उतरतानाची उडी एका जागी नसतेच.

फ्लॅटमध्ये शेजारी झोपलेत म्हणून दबक्या आवाजात रियाज करत असाल, तर एक अडचण आहे. हळू गाताना आवाज लवकर पातळ होतो, उडी खाली सरकते आणि ऐकूही येत नाही. मग भावे नाट्यगृहात पूर्ण जोरानं तेच गाताना पंचमापुढे आवाज फुटतो. उलट जाड आवाज तसाच रेटत वर नेलात, की हनुवटी पुढे येते, गळ्याच्या शिरा फुगतात, सूर उतरतो.

‘मिक्स’ हे माझ्या मते वेगळं रजिस्टर नाही. मोजून पाहिलं तर गायक बहुतेक वेळा दोनांपैकी एकाच पद्धतीत असतो. ‘आ’, ‘ऊ’ असे उच्चार आणि जोर सांभाळून दोन पद्धतींमधला सांधा लपवतो, इतकंच. तो सांधा बुजवायला ग्लासात दोन-तीन सेंटिमीटर पाणी घेऊन स्ट्रॉमधून म प ध नि ध प म गुणगुणा, रोज पाच मिनिटं. धैवताला जोर वाढवू नका, किंचित कमी करा. बुडबुडे एकसारखे येत नसतील तर श्वास ढकलला जातोय.