पहाटे लागणारा पिवळा दिवा

प्रश्न : थंडीत पहाटे गाडी सुरू केली की टायरमधील हवेचा पिवळा दिवा लागतो आणि काही अंतर गेल्यावर आपोआप विझतो. यंत्रणा बिघडली आहे का?

उत्तर : बहुधा नाही. तापमान 5 ते 6 अंश सेल्सिअसने उतरले की टायरमधील दाब सुमारे 1 पीएसआयने घटतो आणि धावताना टायर तापला की पुन्हा वाढतो. म्हणजेच तुमच्या टायरमधील हवा मुळातच कमी, दिवा लागण्याच्या मर्यादेच्या काठावर आहे. गाडी किमान 3 तास उभी राहिल्यानंतर, चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीत दिलेल्या आकड्याइतकी हवा भरावी. टायरच्या कडेवर उमटवलेला आकडा (अनेक जण इथेच फसतात) कमाल मर्यादेचा असतो. दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहिला, तर मात्र सेन्सर तपासून घ्यावेत.