पेट्रोल भरल्यानंतर लागलेला इंजिनाचा दिवा

प्रश्न : पेट्रोल भरल्याच्या दुसऱ्या दिवशी इंजिनाचा पिवळा दिवा लागला. गाडी चालवावी का?

उत्तर : दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर आधी टाकीचे झाकण पाहावे, ते सैल राहिले किंवा त्याच्या रबरी कडीला चीर गेली, तर पेट्रोलची वाफ निसटते आणि गाडीची यंत्रणा ती गळती म्हणून नोंदवते. झाकण घट्ट केल्यावरही दिवा लगेच विझत नाही. तो लुकलुकत असेल, तर मात्र न जळलेल्या पेट्रोलमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील विषारी वायू कमी करणारा भाग) तापून निकामी होऊ शकतो, म्हणून गाडी सुरक्षित जागी थांबवावी. नोझल आपोआप बंद झाल्यावर आणखी पेट्रोल भरण्याचा आग्रह कृपया धरू नये. ते वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात शिरले, तर हाच दिवा पुन्हा लागतो.