पाडव्याला प्राग, पुढचं काहीच ठरलं नाही

प्रश्न : ताई नमस्कार, मी शहाद्याचा, सध्या जर्मनीत लाइपझिगला मास्टर्स करतोय. मार्चमध्ये परीक्षा संपली की एप्रिलच्या मध्यापर्यंत लेक्चर नाहीत. एक बॅग घ्यायची आणि निघायचं, प्राग तेवढं नक्की, पुढे जिथे मन होईल तिथे असं डोक्यात आहे. घरी आई म्हणते हॉटेल बुक नाही तर रात्री राहशील कुठे, आधी सगळं ठरव. मित्र म्हणतात भारतीय पासपोर्टवर असं बिनप्लॅन फिरताच येत नाही. काय करू?

उत्तर : भाऊ, जा. मी नंदुरबारची, मी पण 2023 च्या मार्चमध्ये लाइपझिगहूनच अशी निघाले होते, पाडवा 22 मार्चला होता आणि मी त्या दिवशी प्रागच्या चार्ल्स पुलावर उभी राहून घरी फोन लावला, तर आजीचा अहिराणीत पहिला प्रश्न, "कथा शे तू? जेवनी का?" म्हणजे कुठे आहेस, जेवलीस का. पुढचं गाव कोणतं ते मला तरी कुठे माहीत होतं. पण कागद सगळे जागेवर होते म्हणून ते जमलं, त्यामुळे आधी कागदांचं बोलते.

मित्रांचं म्हणणं चुकीचं आहे. तुझ्याकडे जर्मनीचं रेसिडेन्स परमिट आहे ना, मग शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातल्या, बाकी देशांत कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवस वेगळा व्हिसा न काढता फिरता येतं. शेंगेनमध्ये आता 29 देश आहेत, क्रोएशिया 2023 ला आला, रोमानिया-बल्गेरिया 2025 पासून पूर्ण आत आले. ब्रिटन आणि आयर्लंड त्यात नाहीत, तिकडचं स्वस्त विमान दिसलं म्हणून तिकीट काढून बसू नको. परमिटची तारीख आजच बघ, सुट्टीत संपत असेल तर आधी ते काम. आणि पासपोर्ट आणि परमिटचं कार्ड दोन्ही ओरिजिनल खिशात ठेव, मोबाईलमधला फोटो चालत नाही. सीमेवर कोणी बघत नाही असं जुने सीनियर सांगतील, पण 2024 च्या सप्टेंबरपासून जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी लावली आहे, परत येताना पोलीस गाडीत चढून कागद मागू शकतात.

रेल्वेचा पास इंटररेलचा घे, एकच पास युरोपातल्या बऱ्याच देशांत चालतो. युरेल हा तसाच पास युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी असतो, आपली मुलं पासपोर्ट भारतीय म्हणून तोच घेऊन बसतात, पण इथे तू राहतोस कुठे ते बघतात. 27 वर्षांपर्यंत सवलत आहे. एका महिन्यात 7 दिवस प्रवास असा पास तुझ्यासारख्याला बरोबर पडतो, बाकीचे दिवस गावात पायी फिरायचं. फक्त ज्या देशात राहतोस तिथे पासवर एकदा बाहेर जाणं आणि एकदा आत येणं एवढंच मिळतं. आणि गाडीत पाय ठेवायच्या आधी ती गाडी पासच्या ॲपमध्ये टाकायची, आत बसल्यावर नाही. फ्रान्स-इटलीच्या वेगवान गाड्यांना सीटचं रिझर्व्हेशन वेगळं लागतं, त्याचे पैसे पण वेगळे, म्हणून न ठरवता फिरायचं तर चेक, ऑस्ट्रिया, हंगेरी हा पट्टा सोपा. युनिव्हर्सिटीच्या फीमध्ये डॉइचलांड तिकीट, म्हणजे जर्मनीभर चालणारा महिन्याचा पास, येत असेल तर साध्या गाड्यांनी ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गपर्यंत त्यावर जाता येतं, पासचा दिवस वाचतो.

आता माझ्या फिरण्यातलं हंगेरीचं बुडापेस्ट. शनिवारी मी तिथल्या मोठ्या मार्केटमध्ये गेले, 1897 सालची लोखंडी छताची इमारत आहे, आणि आत शिरले तर लाल मिरच्यांच्या माळाच माळा टांगलेल्या. मी तिथेच थांबले. आपल्याकडे पथारीवर मिरची वाळत असते तेव्हा रस्त्यावरून जाताना नाकात जो वास चढतो तो नव्हता, तिकडची मिरची, पाप्रिका, गोडसर असते, पण रंग तोच. वरच्या मजल्यावर लांगोश घेतलं, तेलात तळलेली ताटलीएवढी जाड पुरी समज, वर लसूण आणि आंबट क्रीम. बॅगेत आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी होती, ती वरून भुरभुरली. शेजारच्या आजीबाईंनी खुणेने मागितली, चिमूटभर जिभेवर ठेवली, डोळ्यांत पाणी आलं आणि परत हात पुढे केला!

दुसऱ्या दिवशी सकाळी स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियानाची गाडी पकडायची होती. मोबाईल डिस्चार्ज, म्हणून बाबांनी दिलेल्या मनगटी घड्याळावर निघाले आणि वीस मिनिटं आधी स्टेशनवर पोचले, तर गाडी जाऊन चाळीस मिनिटं झालेली. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळ एक तास पुढे जातं ते माझ्या डोक्यातच नव्हतं. खूप रडू आलं. मग बोर्डाकडे बघितलं, ज्यूर नावाच्या गावाची गाडी लागत होती, नाव पण कधी ऐकलं नव्हतं, चढले. पास होता म्हणून पैसे बुडाले नाहीत. त्या गावात राबा नदी डॅन्यूबच्या एका फाट्याला मिळते, काठावर पायऱ्या, पोरं पाण्यात पाय सोडून बसलेली, आणि मला आपल्या प्रकाशा गावचा तापी-गोमाईचा संगम आठवला. दुपारभर तिथेच बसले. संध्याकाळी व्हिएन्नाची गाडी, सव्वा तास, बसल्याबसल्या हॉस्टेलचा बेड बुक केला. या अख्ख्या फिरण्यात मला आजही सगळ्यात जवळचं वाटतं ते ज्यूर.

आईला असं सांग की चैत्रात आपल्याकडचे लोक सप्तशृंगी गडावर पायी जातातच ना, मुक्काम वाटेत ठरतो, पण अंथरूण आणि पाण्याची बाटली घेतल्याशिवाय कोणी घर सोडत नाही. तू पण प्रागची पहिली रात्र आणि परतीचा दिवस पक्का कर, मधलं मोकळं ठेव, आणि रोज दुपारी दोनच्या आत त्या रात्रीचा बेड बुक करायचा हा नियम पाळ. 2026 चा ईस्टर 5 एप्रिलला आहे, त्या तीन-चार दिवसांचं मात्र आधीच बघ, बेड महाग होतात आणि दुकानं बंद असतात.

हेल्थ इन्शुरन्सचं कार्ड उलटं करून बघ, सरकारी इन्शुरन्स असेल तर मागे युरोपियन कार्ड असतं. ते आजारपणात बऱ्याच देशांत चालतं, पण आपण युरोपियन नागरिक नाही म्हणून डेन्मार्क, स्वित्झर्लंड अशा काही देशांत चालत नाही, तिकडे वळायचं ठरलं तर छोटा ट्रॅव्हल इन्शुरन्स काढ. स्वित्झर्लंडमध्ये मोबाईल डेटा पण बंद ठेव, युरोपियन युनियनचं फुकट रोमिंग तिथे लागू नाही. आणि पॅरिसला पोचलास आणि वय 26 च्या आत असेल तर लूव्र म्युझियमला रेसिडेन्स कार्ड दाखव, युरोपात राहणाऱ्यांना फुकट आहे.

प्रश्न : माझी मुलगी अशीच एकटी निघाली आहे, मी चोपड्याला. दिवसभर जीव थाऱ्यावर नसतो. रोज किती वेळा फोन करू?

उत्तर : काकू, तुमची काळजी मला कळते, माझ्या आईने ते पंधरा दिवस कसे काढले ते तिने मला खूप नंतर सांगितलं. दिवसातून एकच वेळ ठरवा आणि फोन तिने करायचा, तुम्ही नाही, कारण ती गाडीत किंवा बोगद्यात असली आणि लागला नाही की तुमचाच बीपी वाढतो. रात्री जिथे उतरेल तिथला पत्ता लिहून पाठवायला सांगा. युरोपियन युनियनच्या कुठल्याही देशात अडचणीला 112 हा एकच नंबर आहे, तो तिला पाठ हवा. आणि एक, ती तिकडे संध्याकाळी सहाला फोन करत असेल तर तुमच्याकडे साडेदहा वाजलेले असतात, मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडचं घड्याळ पुढे गेलं की तोच फोन साडेनऊला येईल, तेव्हा जेवण जरा लवकर आटपून घ्या.