जुन्या ॲम्प्लिफायरचे सगळे कपॅसिटर एकदम बदलावेत का?

वडिलांचा १९७०च्या दशकातला इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर बारा वर्षं बंद होता, आता दोन्ही स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येतो, डाव्या चॅनलमध्ये मधूनच तडतड होते, आणि साठ कपॅसिटर (चार्ज साठवणारे भाग) आणून ठेवलेत, तर एका बैठकीत सगळे बदलू का, असं तुम्ही विचारलंय. नका बदलू. आणलेलं सामान वाया जाणार नाही, बहुतेक सगळं लागेलच. पण साठ कपॅसिटर एका दमात बदलल्यावर काही बिघडलं, तर चूक साठ ठिकाणी शोधावी लागते. पाच बदलून सेट चालवून पाहिला, तर पाचच ठिकाणी.

झाकण उघडायच्या आधी नीट ऐका. व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही घुमणं तेवढंच राहत असेल, तर दोष पॉवर सप्लायमध्ये किंवा पॉवर ॲम्पमध्ये आहे. व्हॉल्यूमबरोबर कमीजास्त होत असेल, तर तो व्हॉल्यूमच्या नॉबच्या आधीच्या भागात किंवा अर्थिंगमध्ये आहे. तुमच्याकडे दोन्ही चॅनल सारखेच घुमतात, म्हणजे पहिला संशय दोघांच्या सामाईक सप्लायवर. तडतड एकाच चॅनलला आहे, म्हणजे ते दुखणं वेगळं.

मग सिरीज बल्ब तयार करा. साठ ते शंभर वॅटचा तारेचा जुना बल्ब फेज वायरमध्ये सिरीजला जोडायचा. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही. चालू करताच बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, तर ठीक. उजळलेलाच राहिला, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. प्रत्येक टप्प्यानंतर पहिली सुरुवात या बल्बवरूनच, आणि स्पीकर काढून ठेवून. याने आउटपुट ट्रान्झिस्टर वाचतात, आणि त्या काळचे मूळ ट्रान्झिस्टर आता खरे मिळणं कठीण आहे.

प्लग काढला म्हणजे धोका संपला असं समजू नका. मोठ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये चार्ज तसाच राहतो. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडण्यापेक्षा एक किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी दोन टोकांना लावा. १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर साधारण पन्नास सेकंदांत रिकामा होतो. तरी हात घालण्याआधी मीटरने व्होल्टेज बघाच.

बदलण्याची सुरुवात सप्लायपासून करा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला द्रव वर्षानुवर्षं उष्णतेने आटत जातो, म्हणून हीटसिंकजवळचे आधी जातात. नवे १०५ अंश सेल्सिअसपर्यंतची उष्णता सोसणारे घ्या. व्होल्टेज मूळाइतकं किंवा त्याहून जास्त, मायक्रोफॅरड मात्र तेवढेच. मुख्य फिल्टरला वीस टक्के जास्त चालतं. पण दुप्पट टाकले, तर चालू करतानाचा करंटचा झटका रेक्टिफायरला (एसीचा डीसी करणारा भाग) आणि स्विचला सोसावा लागतो. फिल्म, मायका आणि सिरॅमिक कपॅसिटरना विनाकारण हात लावू नका, ते अजून अनेक वर्षं चालतील. ‘बीपी’ किंवा ‘एनपी’ छापलेल्या जागी बायपोलरच, म्हणजे अधिक-वजा अशी दिशा नसलेलाच, बसवा. सिग्नलच्या वाटेवर एक मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक असेल आणि जागा पुरत असेल, तर मी तिथे फिल्म टाकतो.

दिशेबद्दल जरा थांबून सांगतो. कपॅसिटरच्या अंगावरचा पट्टा वजा बाजू दाखवतो, टँटलमवरची खूण मात्र अधिकची असते. बोर्डावर काही कंपन्या अर्धगोल रंगवून वजा दाखवतात, काही अधिक. एकदा मी रंगवलेली बाजू वजा समजून रेग्युलेटरचा कपॅसिटर उलटा बसवला. दहा मिनिटांत त्याची टोपी फुगून वर आली, आणि नशिबाने मी तेव्हा समोरच बसलो होतो. तेव्हापासून मी बोर्डाचे फोटो काढतो, एक काढतो, एक बसवतो, आणि मगच पुढच्याला हात लावतो. त्या वेळचे बोर्ड नाजूक असतात, तांब्याची चकती पटकन उखडते. जुन्या जोडावर आधी थोडं ताजं सोल्डर द्या, ते वितळलं की मगच ओढून घ्या. मोठ्या कपॅसिटरच्या बुडाशी तपकिरी, कडक झालेला गोंद दिसला तर तो पूर्ण खरवडून काढा. जुना झाला की तो करंट वाहू देतो आणि शेजारच्या तारा खातो.

आता तडतड. बॅलन्स आणि व्हॉल्यूमचे नॉब फिरवताना वाढत असेल, तर कॉन्टॅक्ट क्लीनरने भागेल. काही न हलवता, आपोआप येत असेल, तर माझा संशय कपॅसिटरपेक्षा छोट्या ट्रान्झिस्टरवर जाईल. २एससी४५८सारख्या ट्रान्झिस्टरचे पाय काळे पडलेले दिसतात, आणि ते याच खोडीसाठी ओळखले जातात. फ्रीझ स्प्रेचा बारीक फवारा एकेकावर मारा. ज्याच्यावर मारताच आवाज बदलेल, तो धरा. पर्यायी ट्रान्झिस्टर घालताना पायांचा क्रम डेटाशीटमध्ये बघा. जपानी छोट्या ट्रान्झिस्टरमध्ये तो बहुधा एमिटर-कलेक्टर-बेस असतो, २एन५५५१मध्ये एमिटर-बेस-कलेक्टर. इनपुटची जोडी असेल तर दोन्ही एकदम बदला, आणि गेन (सिग्नल किती पट वाढवतो तो आकडा) जवळपास सारखा असलेलेच निवडा.

शेवटी बायस (सिग्नल नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा छोटा करंट) आणि ऑफसेट (स्पीकरच्या टर्मिनलवर उरणारा डीसी). बायसचे उघडे प्रीसेट (स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचे छोटे रेझिस्टर) जुने झाले की आतला सरकता पाय संपर्क सोडतो, काही सर्किटमध्ये त्याने करंट थेट वर जातो, म्हणून ते बंद प्रकारचे घ्या. पहिल्यांदा चालू करताना बायस सर्वांत कमी असू द्या. मीटर एमिटर रेझिस्टरच्या दोन टोकांना लावा, तोही सेट बंद असताना आणि क्लिपांनी. हातात धरलेली मीटरची सळई एकदा घसरली की आउटपुट ट्रान्झिस्टर जातात. समजा ०.४७ ओहमवर १० मिलिव्होल्ट आले, तर करंट साधारण २१ मिलिॲम्पिअर. नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधलाच धरा. बल्बवर सगळं शांत दिसलं की तो काढून थेट लाइनवर वीस मिनिटं गरम होऊ द्या, मगच बायस ठरवा. स्पीकरच्या टर्मिनलवरचा डीसी ५० मिलिव्होल्टच्या आत हवा, त्याआधी स्पीकर जोडू नका.

सप्लायचे कपॅसिटर बदलून झाले की पुढचं काही न उघडता दोन्ही चॅनलचा ऑफसेट आणि बायस मोजून इथे लिहा, शिवाय व्हॉल्यूम शून्यावर घुमणं राहिलं की गेलं तेही. डाव्या चॅनलच्या बोर्डाचा जवळून घेतलेला फोटो असेल, तर तोही टाका.